म्हशींचा बुरूज

सखुबाई: काय काय मिलनार ते मोज ना कालू, मीच मोजून देते. एक, रस्ता टेकडीच्या मागनं जानार. दोन, आपला अंगन, चार खोल्यांची चाल, सगला जिथल्या तिथं र्‍हानार. तीन, महाराष्ट्र दिनाला वरती झेंडा लागंल तवा तुना पहिल्या रांगेत खुर्ची. न एवढ्यासाठी तू केलास काय? तर तोंड मिटून बसलास. चौदा महिने.

काळुराम: हलू बोल, बाय. सर वरतीच हायत, आवाज जातो.

सखुबाई: जाऊ दे. ते दगडांशी बोलत बसलेत, मानसांचा त्याना कुठं ऐकू येतो? तू सांग. आज तो जुन्या किल्ल्यांच्या खात्याचा साहेब येनार, तुना इचारनार, काळुराम, ही भिंत कवाची? काय सांगशील?

काळुराम: सांगंन, जुनी हाय.

सखुबाई: किती जुनी?

काळुराम: माझ्यापेक्षा जुनी.

सखुबाई: ती तर मी पन हाय, सहा वर्सांनी. मना पन पाटी लावतील काय, हात लावू नये म्हनून?

काळुराम: खोटा काय हाय त्यात? भिंत माझ्या जन्माआधीचीच हाय.

सखुबाई: एका वर्सानी आधीची. मी पाच वर्सांची होती. डोक्यावर चिखलाचा घमेला, न आईच्या मागं मागं टेकडी चढायची. बिबट्यानी रेडकू नेला म्हनून बानी भिंत घातली, रातीला म्हशी कोंडायला. न आता डोंबिवलीची शिकलेली मानसं तिला ब्रश मारतात. सोमवार ते शनिवार दात घासतात, रविवारी आपला गोठा.

काळुराम: मी कवा बोललो त्याना, ह्यो किल्ला हाय म्हनून? पहिल्या दिवशी त्यानी इचारला, काका, इकडं जुना बांधकाम कुठं? मी बोट दाखवला. एवढाच.

सखुबाई: बोट पुढं दाखवलास. कोट हाय मागं.

काळुराम: मागं कसा दाखवनार? चेड्याची जागा हाय ती. गावाची राखन करनारा देव, त्याची काटकी पन आपन मोडत नाय. बा गुरांना पन जाऊ देत नव्हता तिकडं. ही मंडली कोयते घेऊन शिरली असती, न उद्या गावात कोनाचा पोर तापानं पडला असता, तर गावानी धरला असता कोनाला? मना.

सखुबाई: ही झाली चौदा महिन्यांमागची गोष्ट. तवा खरी होती. मग गनपतीत रस्त्याचा नकाशा आला. तवापासून तू चेड्यासाठी गप्प नाय.

काळुराम: मग कोनासाठी?

सखुबाई: नकाशावर दोन रेघा. एक टेकडीच्या पुढून, आपल्या अंगनातून. दुसरी मागून. जिकडं किल्ला ठरंल तिकडची रेघ पुसनार. तूच बोट ठेवून ठेवून दाखवलास ना मना? किल्ला पुढं ठरला की घर वाचला. मी शालेत गेली नाय, पन एवढी बेरीज मना येते.

काळुराम: तुझी खोली पन वाचते त्यात.

सखुबाई: वाचते ना! म्हनून मी पन गप्प. फरक एवढाच, मी गप्प बसून हसते, तू गप्प बसून घाम पुसतोस.

काळुराम: आले बघ. आता तोंड आवर.

उत्तमराव: काळुरामजी! साहेबांचा फोन होता. गाडी शीळफाट्याला अडकलीय, अर्धा-पाऊण तास सहज लागेल. बरंच झालं म्हणा, जरा टेकता येईल. नमस्कार, सखुताई.

सखुबाई: या सर. बसा.

उत्तमराव: सर नका हो म्हणू. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या मी. शिकवलं कुणालाच काही नाही.

सखुबाई: दर रविवारी वरती उभं र्‍हाऊन शिकवता ना, तो बुरूज, ती तटबंदी? इथपर्यंत ऐकू येतो. मना तर सगला पाठ झाला.

उत्तमराव: मग आज परीक्षाच घ्या. हा कागद साहेबांसाठी केलाय, ऐका. ‘पूर्व तटबंदी, लांबी साठ फूट. बंदुकीच्या जंग्या, पाच. दारूगोळ्याची कोठी, एक.’ कसं वाटतंय?

सखुबाई: जंग्या म्हंजे ती भिंतीतली भोकं?

उत्तमराव: तीच. आतून बंदूक रोखायची. बाहेरच्याला गोळी दिसते, माणूस दिसत नाही.

सखुबाई: भोकं तर जमिनीला लागून हायत. बंदूकवाला झोपून मारायचा काय?

उत्तमराव: प्रश्न उत्तम आहे. पण ताई, जमीन भरत जाते. दोन-तीनशे वर्षांत माती चढली, भोकं खाली आली. गडावरच्या माझ्या पुस्तिकेत तसं लिहिलंय मी.

सखुबाई: लिवलाय तर मग झाला.

काळुराम: बाय, चाय ठेव ना सरांना.

सखुबाई: ठेवलीय. उकलू दे.

उत्तमराव: आणि काळुरामजी, तुम्ही एक मोठी गंमत हुकवलीत. तीन रविवार कुठे होतात?

काळुराम: हलदी होत्या. पहिली धनेशच्या पोरीची, मग रुचिताची, मग कल्यानला सालीच्या घरी. आमच्यात लग्नाला नाय गेलास तरी चालतो, हलद चुकली तर जन्मभर ऐकून घ्यावा लागतो.

उत्तमराव: असू दे, असू दे. पण त्या तीन रविवारांत मंडळींनी कमाल केली. भिंत अडीच फूट वर आली! आता खालून बघितलं तरी गड वाटतो. घडीव चिरे, दोघांनी मिळून उचलावेत असे. काहींना तर जुना चुना चिकटलेला आहे अजून.

काळुराम: चिरे कुठून आनले?

उत्तमराव: आपलेच, ढासळून पडलेले. टेकडीच्या मागच्या अंगाला जाळीत केवढा तरी ढिगारा आहे, तुम्हाला माहीत असेल.

काळुराम: मागं गेलते तुमी?

उत्तमराव: जावं लागलं. अहो, आधी आत शिरताच येईना. करवंद, घाणेरी, वर भला मोठा उंबर, आणि त्याच्या मुळ्या अशा बोटांसारख्या दगडांत रुतलेल्या. दीड रविवार नुसती तोडच चालली होती. शेवटी आमच्यातल्या प्रफुल्लने लाकूड कापायचं मशीन आणलं. खोड आडवं झालं आणि अख्खा ढिगारा मोकळा झाला बघा, हाताने दगड निघायला लागले.

काळुराम: उंबर पाडला तुमी?

उत्तमराव: झाड भिंत खातं, काळुरामजी. आमच्या मोहिमेचा पहिला धडा तो. जिथे मूळ शिरलं तिथे दगड गेला.

सखुबाई: चाय उकलली.

उत्तमराव: पण खरी गंमत पुढेच आहे. ढिगाऱ्याच्या पोटात कोनाडा निघाला, आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड. नारळापेक्षा थोडा मोठा. मी बघताक्षणी ओळखलं, हा गडाच्या दाराचा रक्षक. तो बिचारा तिथे अंधारात, जाळीत कशाला? वाजतगाजत पुढे आणला. कोठीच्या शेजारी पहारेकऱ्याची देवडी आहे ना, तिथे बसवला. हार घातला, मुलींनी रांगोळी काढली. सान्वीने आरती म्हटली.

काळुराम: देवडी म्हंजे कुठं?

उत्तमराव: ती हो, खालच्या टोकाला. जिथे दगडी पन्हळ बाहेर येते, उताराकडे.

सखुबाई: शेनाची मोरी.

उत्तमराव: काय म्हणालात?

सखुबाई: साखर किती, इचारते.

काळुराम: बाय.

सखुबाई: मी काय बोलले? मी साखर इचारली.

काळुराम: सर, जरा नीट बसा.

उत्तमराव: बसलोच आहे की.

काळुराम: तसा नाय. भिंतीला पाठ टेका. … सर, ती वरची भिंत किल्ल्याची नाय. माझ्या बानी घातलेली हाय. म्हशींसाठी.

उत्तमराव: बरोबर आहे, गडाचा वापर पुढे बदलतोच. ठिकठिकाणी लोकांनी गुरं बांधलेली आहेत. मी त्यावर एक परिच्छेद…

काळुराम: वापर नाय. भिंतच. बानी, आईनी न हिनी. तो चिखल हिच्या डोक्यावरनं वर गेलाय.

उत्तमराव: काळुरामजी, आज नको हो थट्टा. साहेब येतायत.

सखुबाई: थट्टा मी करते, सर. ह्याला ती येत नाय.

उत्तमराव: पण खालचा थर? खालचे चिरे घडीव आहेत. मी स्वतः टेप लावून मोजलेत, नऊ आहेत.

सखुबाई: नऊच. ते कोटाचे. मागं आपले आपन पडलेले होते, ते बानी आनले. आधी चेड्याला नारल फोडला, कोंबडा दिला, इचारला, नेऊ काय? मग नेले. जो दगड उभा होता त्याला बोट नाय लावला.

उत्तमराव: आणि जंग्या?

सखुबाई: मुताच्या. पाच म्हशी, पाच भोकं, म्हंजे पाय सुके र्‍हातात त्यांचे. कोपऱ्यात चंद्री, मग बुटकी, मग हरनी, मग काली. पाचवी मारकी होती, तिला नावानं हाक कोन मारनार?

उत्तमराव: दारूगोळ्याची कोठी…

सखुबाई: रेडकांची. चाय घ्या, सर.

उत्तमराव: म्हणजे गड मागे आहे.

काळुराम: होता. लहानसाच. एक बुरूज, न बाजूला सात-आठ हात भिंत. जुने लोक त्याला चौकी बोलायचे, खाडीतनं कोन येतो बघायला. चेडा त्याच्या पोटात. वरती उंबर वाढला, कोनी तोडला नाय. झाडानी भिंत खाल्ली असंल, सर, पन धरून पन त्यानीच ठेवली.

उत्तमराव: आणि ते झाड आम्ही कापलं.

सखुबाई: न कोट उचलून गोठ्याला लावलात. बा असता तर लाजला असता, एवढा पक्का गोठा त्याला सात जन्मात जमला नसता.

उत्तमराव: तुम्ही मला सांगितलं का नाहीत, काळुरामजी? चौदा महिने झाले. दर रविवारी तुमच्या ह्याच ओट्यावर डबे उघडले आम्ही. उतरताना तुम्ही म्हणायचात, ‘जपून, सर.’ तेवढं मात्र न चुकता म्हणायचात.

काळुराम: पहिला चेड्यासाठी गप्प होतो. मग घरासाठी. नकाशा तुमी बघितलाय.

उत्तमराव: बघितलाय. गड मागे ठरला तर मागची रेघ पुसली जाणार, आणि पुढची राहणार. तुमच्या अंगणातून.

काळुराम: ओट्यावरून. तुमी बसलात तिथनं.

उत्तमराव: मग आज तरी का सांगितलंत? तासाभरात साहेब भिंत बघून गेले असते.

काळुराम: चेड्याला मोरीवर बसवलात, सर. न तुमी थांबनार नव्हता. अजून चिरे लागले असते, तुमी अजून काढले असते. मग वरनं रस्ता गेला असता. म्हंजे तिकडं काय होता, हे सांगायला पन काय उरला नसता. मी एक बोट दाखवला, न त्या बोटानी सगला नेला.

उत्तमराव: पुस्तिका छापून झालीय. पाचशे प्रती. एका शाळेची सहल ठरलीय पुढच्या महिन्यात. … समजा, आपण काहीच बोललो नाही तर? साहेब पुढे बघतील. वरचे चिरे खरे आहेत, चुना खरा आहे. कुणीही जाणकार बघून हो म्हणेल. तुमचं घर वाचेल.

सखुबाई: तुमचा पुस्तक वाचेल. ह्याची खुर्ची वाचेल. माझी खोली वाचेल. सगल्यांचा भला. फक्त ज्याच्यासाठी तुमी डोंबिवलीवरनं कोयते घेऊन आलात, तोच जाईल.

उत्तमराव: ताई, तुम्हाला टोचायला फार आवडतं.

सखुबाई: मना मोजायला आवडतं. टोचतं ते ज्याचा त्याला.

उत्तमराव: दोन थर आहेत अजून.

काळुराम: काय?

उत्तमराव: बुरुजाचे. खालचे दोन थर मागे तसेच आहेत. मुळ्यांनी असे आवळून धरलेत की निघेचनात. येत्या रविवारी पहारी आणणार होतो आम्ही.

काळुराम: पहारी आनू नका.

उत्तमराव: नाही आणत. … गोल आहेत ते थर. अर्धगोल. मी ते बघितलं होतं, काळुरामजी. बघितलं आणि म्हटलं, दगड पडताना पडले असतील तसे. साठ फूट भिंत सरळ मिळाल्यावर गोल कशाला बघतो माणूस?

सखुबाई: फोन वाजतोय तुमचा.

उत्तमराव: हो. … हो साहेब, या, तिथूनच डावीकडे. मी खाली उभा राहतो. … फाट्यावरून सुटले. दहा मिनिटं. काळुरामजी, मागे जायची वाट तुम्ही दाखवाल का? मीच नेलं तर ते म्हणतील, कालपर्यंत गड पुढे होता, आज मागे कसा गेला? तुमचा शब्द लागेल.

काळुराम: आधी त्याला मोरीवरनं उचलतो. तुमी हात लावू नका. न वरती येताना बूट काढा, सगल्यांना सांगा.

सखुबाई: नारल माझ्या फडतालात हाय, तांदलाच्या डब्यामागं. न कालू, माफी मागताना खरा कारन सांग. त्याच्यासमोर तरी पहिला चेडा न मग घर, असा लावू नको.

(दुपार. तोच ओटा. साहेबांची गाडी गेलेली आहे.)

सखुबाई: एवढा वेल काय बघत होता साहेब? उन्हात टोपी पन नाय.

उत्तमराव: गुडघ्यावर बसून बघत होते. मुळ्यांत हात घालून. मला म्हणाले, दोनच थर आहेत, पण आहेत. चौकीच असावी. मग वही काढली आणि लिहिलं, ‘अवशेष आढळले. अलीकडे मोठी छेडछाड झाल्याचे दिसते.’ विचारलं, कुणी केली? मी म्हटलं, मी.

काळुराम: मी पन बोलनार होतो.

उत्तमराव: तुम्ही तेव्हा नारळ फोडत होतात.

सखुबाई: छेडछाड! ह्या वयात हौस फिटली तुमची. घरी बायकोला काय सांगाल?

उत्तमराव: ती म्हणेल, टेलिफोनच्या तारा बऱ्या होत्या. … चिरे परत मागे न्यायचेत. एकेकावर आकडा घालून, त्यांचा माणूस समोर उभा असताना. कुठला कुठे होता ते कुणालाच ठाऊक नाही, पण न्यायचेत. झाडाच्या मुळांना हात नाही लावायचा.

काळुराम: न गोठा?

उत्तमराव: गोठा तुमचा. त्यांनी बघितला, म्हणाले, चांगला बांधलाय. सांगितलं मी, ताईंनी चिखल वाहिला म्हणून.

सखुबाई: मग ते काय बोलले?

उत्तमराव: हसले. वहीत नाही लिहिलं.

काळुराम: न रेघ?

उत्तमराव: मागची पुसायची शिफारस करतायत. म्हणजे पुढची राहिली. हा कागद दिलाय, कचेरीत द्यायचा. कोण कोण बाधित होतंय, त्याची माहिती. तुमची हरकत नसेल तर मी भरतो. अक्षर बरं आहे माझं.

काळुराम: भरा.

उत्तमराव: मालकाचं पूर्ण नाव?

काळुराम: काळुराम पदू भोईर.

उत्तमराव: बांधकाम, चाळ, चार खोल्या, एक ओटा. विहीर?

काळुराम: नाय.

उत्तमराव: झाडं?

काळुराम: शेवगा, दोन. न एक रामफल, मागच्या मोरीजवल.

उत्तमराव: भाडेकरू?

काळुराम: कोन नाय. तीन खोल्या आमाला लागतात. चवथीत ही.

उत्तमराव: सखुताई किती वर्षं राहतायत तिथे?

सखुबाई: नवरा गेल्यावर आली. एकेचालीस वर्सं झाली, दिवालीला बेचालीस होतील.

उत्तमराव: सातबाऱ्यावर नाव असेल ना मग, वडलांकडून?

सखुबाई: बा गेला तवा तलाठ्याच्या समोर बसवून अंगठा घेतला. हक्क सोडला म्हनून. आमच्यात बहिनी सोडतात, भाऊ साडी नेसवतो.

काळुराम: बाय, तवा गावात सगल्याच बहिनींनी…

सखुबाई: मी काय बोलले? साडी चांगली होती. हिरवी. पदराला जर होती.

उत्तमराव: इथे मालक आहे. पुढे भाडेकरू आहे. नुसतं राहणाऱ्याला रकाना दिसत नाही. थांबा, मागच्या पानावर… नाही. मी असं करतो, बाजूला हातानेच लिहितो.

सखुबाई: नको. खाडाखोड दिसली तर ह्याचा कागद परत येईल.

काळुराम: कुठं पन गेलो तरी तुझी खोली असंल, बाय. मी बोलतो ना.

सखुबाई: असंल रे. झाडं लिवलीत काय, सर?

उत्तमराव: लिहिली. शेवगा दोन, रामफळ एक.

सखुबाई: त्यांना रकाना हाय?

उत्तमराव: आहे. झाडांना आहे.

सखुबाई: मग झाली बेरीज. कालूचा अंगन जाईल, त्याचा त्याला भरून मिलंल. झाडं जातील, त्यांचा पन मिलंल. तुमचा पुस्तक तुमी दुसरा लिवाल. चेडा त्याच्या जाग्यावर गेला. र्‍हायली माझी खोली, तर ती माझी होती कुठं? सही त्याची घ्या, सर. माझा अंगठा एकदाच लागायचा होता, तो लागून गेला.